सॅकवरचे सौर पॅनेल: वाचकांचे प्रश्न

हिमालयातील भटकंतीचे बेत आखण्याचे दिवस असल्यामुळे या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सौर चार्जरविषयी आहेत. त्यांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न: आम्ही दोघे मित्र ऑगस्टमध्ये लडाखमधील मारखा खोऱ्याचा आठ दिवसांचा ट्रेक करणार आहोत. बरोबर दोन मोबाईल, एक मिररलेस कॅमेरा आणि दोन हेडटॉर्च असतील. ‘२८ वॅट’ असे लिहिलेले घडीचे सौर पॅनेल सॅकला मागे अडकवून चालता चालता सारे चार्ज करावे, असा आमचा विचार आहे. तो योग्य आहे का, की मोठ्या पॉवर बँका न्याव्यात? — एक वाचक, पुणे

उत्तर: आपला निम्मा विचार योग्य आहे. पॅनेल न्यावे, पण ते पाठीवर अडकवून चालण्यावर विसंबू नये.

प्रथम गरज मोजू. खोऱ्यात बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसते आणि नेटवर्क शोधत राहिलेला मोबाईल विनाकारण बॅटरी संपवतो, म्हणून तो फ्लाइट मोडवर ठेवावा. (लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.) ५००० एमएएचच्या मोबाईल बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते (एक वॅट शक्ती तासभर वापरली की एक वॅट-तास). फ्लाइट मोडवर, छायाचित्रे आणि नकाशा यांसाठी वापरलेला मोबाईल दिवसाला त्यातील निम्मी, म्हणजे नऊ-साडेनऊ वॅट-तास खातो असे धरावे. कॅमेऱ्याची मोठी बॅटरी सुमारे १६ वॅट-तासांची असते, ती रोज अर्धी संपेल. हेडटॉर्चचा खर्च किरकोळ आहे. दोघांचे मिळून दिवसाला सुमारे २७ वॅट-तास आणि आठ दिवसांचे सव्वादोनशेच्या आत-बाहेर होतात. निघताना भरून घेतलेल्या बॅटऱ्यांमधील चोपन्न वॅट-तास वजा केले, तर वाटेत १६० ते १७० वॅट-तासांची सोय करावी लागेल.

२०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे ती ७४ वॅट-तासांची असते. व्होल्टेज वाढवताना आणि मोबाईल भरताना होणारी घट वजा जाता प्रत्यक्षात पन्नासच्या आसपास हाती लागतात. आपल्याला अशा तीन पुरणार नाहीत, चार लागतील, आणि त्यांचे वजन दीड किलोच्या वर जाईल. याउलट २८ वॅटचे पॅनेल साधारण सातशे ग्रॅमचे असते आणि त्याच्या जोडीला एक पॉवर बँक पुरते. म्हणून आपल्या दोघांसाठी पॅनेलचे पारडे जड आहे. आपण एकटे जाणार असता, तर हा हिशेब जेमतेम बरोबरीत सुटला असता, आणि अशा बरोबरीत मी ढगांवर अवलंबून नसलेली वस्तू, म्हणजे पॉवर बँक, निवडली असती.

आता पाठीवर अडकवण्याविषयी. पॅनेलवर छापलेली शक्ती ही प्रतिचौरसमीटर १००० वॅट इतक्या प्रखर प्रकाशात, किरण पॅनेलवर सरळ पडत असताना आणि सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. सॅकच्या मागे लोंबणारे पॅनेल उभे असते. ऑगस्टच्या मध्यावर लेहच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७० अंश वर असतो. अशा वेळी उभ्या पॅनेलला, त्याचे तोंड नेमके सूर्याकडे असले तरी, थेट किरणांचा जेमतेम एक तृतीयांश भाग मिळतो, तर तेच पॅनेल जमिनीवर आडवे ठेवले तर शंभरातले चौऱ्याण्णव मिळतात. त्यातच मारखा नदी वायव्येकडे वाहत झंस्कार नदीला मिळते, म्हणजे स्कियूहून हंकर आणि निमालिंगकडे, प्रवाहाच्या उलट, जाताना आपण साधारणपणे आग्नेयेला चालत असता. सकाळचे ऊन तोंडावर येते आणि पाठ, म्हणजेच पॅनेल, सावलीत राहते. जाहिरातीतील छायाचित्रात सॅकवर चमकणारे पॅनेल छान दिसते खरे, पण तो छायाचित्रकार ज्या दिशेला उभा असतो त्या दिशेलाच सूर्य असतो, हे विसरू नये.

सावलीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पॅनेलमधील सेल एकापुढे एक जोडलेले असतात. हातोहात घमेली पुढे देणाऱ्या रांगेचा वेग सर्वांत संथ माणसावर ठरतो, तसा त्या माळेतील प्रवाह सर्वांत कमी उजेड मिळणाऱ्या सेलवर ठरतो. सॅकचा एक पट्टा किंवा वाळत घातलेला एक मोजा एका सेलवर आडवा आला, तरी नुकसान त्या एका सेलपुरते राहत नाही, साऱ्या माळेचा प्रवाह घटतो.

तेव्हा दुपारी मुक्कामी पोहोचताच पॅनेल उघडावे, दगडांचा टेकू देऊन सूर्याकडे तोंड करावे आणि दर अर्ध्या तासाने दिशा सुधारावी. चांगल्या उन्हात २८ वॅटच्या पॅनेलमधून यूएसबीवर १५ ते १८ वॅट मिळाले तर समाधान मानावे. दोन तासांत तीसच्या आसपास वॅट-तास जमतात आणि साठवणुकीतील घट धरूनही आपली रोजची बहुतेक गरज भागते. एक-दोन दिवस ढगाळ गेले, तरी भरून नेलेली पॉवर बँक ती तूट सोसते. लडाखमध्ये निसर्गही साथ देतो: हवा विरळ असल्याने ऊन प्रखर असते आणि गारव्यामुळे सेल फार तापत नाहीत. सिलिकॉनच्या सेलची शक्ती दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने घटते, म्हणून सह्याद्रीतील एप्रिलच्या कातळावर ६५ अंशांपर्यंत तापलेले पॅनेल त्याच कारणाने सुमारे सोळा टक्के शक्ती गमावून बसते.

उन्हात पॅनेलला नेहमी पॉवर बँक जोडावी, मोबाईल थेट जोडू नये. ढग आला की पॅनेलचा प्रवाह कोसळतो, मोबाईल मंद चार्जिंगवर उतरतो, आणि ढग गेल्यावरही काही मोबाईल केबल काढून पुन्हा लावेपर्यंत त्याच मंद गतीने चालू राहतात. शिवाय उन्हात तापलेला मोबाईल स्वतःच चार्जिंग थांबवतो. पॉवर बँक मात्र पॅनेलच्या मागच्या बाजूला, सावलीत राहील अशी ठेवावी.

पॉवर बँका विमानात हातातील सामानातच ठेवाव्या लागतात, चेक-इन सामानात त्या चालत नाहीत. प्रत्येकी १०० वॅट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला वेगळी परवानगी लागत नाही, त्यामुळे ७४ वॅट-तासांची पॉवर बँक मर्यादेत बसते. वॅट-तासांचा आकडा मात्र तिच्यावर स्पष्ट छापलेला असावा.

प्रश्न: मी पाठीवरच सौर पॅनेल असलेली ‘२५,००० एमएएच’ची पॉवर बँक ऑनलाइन मागवली. चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवूनही ती भरत नाही. ती बिघडलेली आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर: ती बहुधा बिघडलेली नाही, तिच्याकडून जी अपेक्षा निर्माण केली गेली तीच अशक्य आहे. आपण मोजपट्टी घेऊन तिच्यावरील काळ्या सेलची लांबी-रुंदी मोजावी. अशा पॉवर बँकेवर साधारण १५ बाय ७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १०० चौरस सेंटिमीटर जागा असते. चांगला सेल पडलेल्या उन्हाच्या वीस-बावीस टक्के ऊर्जेची वीज करतो, त्यामुळे एवढ्या जागेतून आदर्श स्थितीत दोन वॅटच्या जरा वर आणि प्रत्यक्षात एक-दीड वॅट मिळतात. २५,००० एमएएच म्हणजे ९२ वॅट-तास. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते, म्हणजे दीड वॅट धरला तरी बारा दिवसांहून अधिक काळ लागेल. अर्थात छापलेली क्षमता खरी असेल तर. हाच हिशेब घडीच्या पॅनेललाही लावता येतो. ए-फोर कागदाएवढ्या सेलमधून १३-१४ वॅटपेक्षा अधिक निघूच शकत नाहीत, मग डब्यावर काहीही छापलेले असो. दुकानात मोजपट्टी काढायला संकोच वाटत असेल तर खिशातील वर्तमानपत्राची घडी कामी येईल.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ही वस्तू भरण्यासाठी लिथियम बॅटरीच उन्हात तापत ठेवावी लागते आणि ४५ अंशांच्या वर चार्जिंग केल्याने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. गच्चीवर काळ्या पृष्ठभागाखाली ते तापमान सहज ओलांडले जाते. आपण ती घरच्या प्लगवर भरावी, साधी पॉवर बँक म्हणून वापरावी आणि ती फुगल्याचे जाणवले तर वापर तत्काळ थांबवावा.

प्रश्न: डिसेंबरमध्ये आम्ही रतनगडाहून हरिश्चंद्रगडापर्यंत आणि पुढे आसपासच्या घाटवाटांनी पाच दिवस चालणार आहोत. माझा हातातील जीपीएस दोन एए सेलवर आणि हेडटॉर्च तीन एएए सेलवर चालते. दोन्हींत मी रिचार्ज होणारे सेल वापरतो. त्यांचा यूएसबी चार्जर थेट सौर पॅनेलला जोडता येईल का? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: जोडता येईल, पण जोडू नये. रिचार्ज होणारे हे निकेल-मेटल हायड्राइड सेल पूर्ण भरले की त्यांचे व्होल्टेज किंचित उतरते आणि चांगला चार्जर तेवढ्या खुणेवरून थांबतो. ढगामुळे किंवा झाडाच्या सावलीमुळे वीज खंडित झाली की चार्जर नव्याने सुरुवात करतो, ठरावीक वेळेनंतर चार्जिंग थांबवणारे त्याचे घड्याळही शून्यावर येते, आणि भरलेले सेल पुन्हा पुन्हा तापवले जातात. पॅनेलने पॉवर बँक भरावी आणि रात्री पॉवर बँकेवरून सेल भरावेत, हा सुरक्षित मार्ग आहे. २००० एमएएचचे चार एए सेल भरायला घट धरून १४-१५ वॅट-तास लागतात.

पण आपल्या बेताकडे पाहता पॅनेलच नको, असे मला वाटते. सह्याद्रीतील रेंज ट्रेकमध्ये माणूस उजाडल्यापासून चालत असतो आणि गुहेत किंवा गावात पोहोचतो तेव्हा ऊन कलंडलेले असते. दुपारची विश्रांती आपण झाडाखाली घेणार, आणि पॅनेलला मात्र मोकळे कातळ हवे. ते कातळावर ठेवून आपण करवंदीच्या जाळीआड डुलकी काढली, तर माकडे त्याचे काय करतील याची हमी मी देऊ शकत नाही. एए सेलचे वजन सुमारे ३० ग्रॅम असते. जीपीएस दोन सेलवर दोन दिवस चालतो असे धरले, तर पाच दिवसांना सहा सेल लागतात आणि दोन जादा धरून आठ सेलचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आत राहते. एएएचा एक जादा संच घेतला तरी हे ओझे पॅनेल, पॉवर बँक आणि चार्जर यांच्या निम्म्याहूनही कमी आहे. सेल मात्र कमी स्वयं-विसर्जनाचे घ्यावेत. साधे रिचार्ज सेल ठेवल्या ठेवल्याच काही आठवड्यांत बऱ्यापैकी रिकामे होतात, तर हे वर्षभरानंतरही बराचसा भार टिकवून असतात. शिवाय पाचनई, खिरेश्वर अशा पायथ्याच्या गावांत जेवणाची सोय करणाऱ्या घरी मोबाईल चार्जिंगला लावता येतो. त्याचे पैसे आवर्जून विचारावेत आणि द्यावेत.

प्रश्न: सेवानिवृत्तीनंतर पायी नर्मदा परिक्रमा करण्याचा संकल्प आहे. मुलाने सौर चार्जर नेण्याचा आग्रह धरला आहे. न्यावा का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नेऊ नये. परिक्रमावासी बहुतेक रात्री आश्रमात, धर्मशाळेत किंवा गावातील एखाद्या घरी मुक्कामाला असतो आणि तेथे सहसा वीज असते. अडचण येते ती एका प्लगभोवती दहा जण जमल्यावर. त्यासाठी दोन-तीन यूएसबी तोंडांचा एक चार्जर जवळ ठेवावा, म्हणजे एका प्लगवर आपल्यासह आणखी दोघांची सोय होते. शूलपाणीच्या झाडीतील डोंगराळ टप्प्यात विजेचा भरवसा कमी धरावा. तेवढ्यासाठी २०० ग्रॅमची १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि फक्त बोलण्यापुरता साधा बटणांचा मोबाईल ही जोडी उत्तम. असा मोबाईल एका चार्जिंगवर अनेक दिवस चालतो. मुलाला रोज एक फोन केलात, तर त्याचाही आग्रह मावळेल.

प्रश्न: पावसाळी ट्रेकसाठी जलरोधक सौर पॅनेल मिळते, ते घ्यावे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: पॅनेल पाण्यात टिकेल, पण जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावरच्या धुक्यात त्याला करायला कामच उरणार नाही. दाट ढगांखाली उत्पादन पूर्ण उन्हाच्या पाचव्या-दहाव्या हिश्शावर येते. तोच खर्च पॉवर बँकेसाठी चांगल्या जलरोधक पिशवीवर करावा.

प्रश्न: डिसेंबरअखेर उत्तराखंडमधील केदारकंठाचा हिवाळी ट्रेक करणार आहे. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाचा पॅनेलला फायदा होतो, असे ऐकले आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर: ऐकलेले खरे आहे, पण आपल्या बेताला लागू पडत नाही. त्या काळात तेथे भर दुपारीही सूर्य ३५-३६ अंशांच्या वर चढत नाही, दिवस लहान असतो आणि बरेचसे मुक्काम झाडीत असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि तिचे कायमचे नुकसान होते. थंड बॅटरी वापरण्यात तसा धोका नसतो, ती फक्त लवकर मान टाकते आणि ऊब मिळाली की उरलेली ऊर्जा देते. म्हणून चार-पाच दिवसांच्या या ट्रेकसाठी भरलेली पॉवर बँक न्यावी. मोबाईल दिवसा आतल्या खिशात अंगाशी ठेवावा. रात्री मोबाईल, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मोज्यात गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्याव्यात आणि मोबाईल भरायचा असेल तर सारे उबदार झाल्यावर, पहाटे उठण्यापूर्वी भरावा. मात्र चार्जिंग चालू असताना पॉवर बँक आणि मोबाईल कपड्यांत गुंडाळून ठेवू नयेत. हेडटॉर्च एएए सेलवर चालणारी असेल, तर तिच्यात साध्या अल्कलाइनऐवजी रिचार्ज न होणारे लिथियम सेल घालावेत. ते महाग असतात, पण कडाक्याच्या थंडीत अल्कलाइनपेक्षा पुष्कळ चांगले चालतात आणि वजनालाही हलके असतात.