एकच पाणी, वर्षभर

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले चतुरांचे, पाण्याकाठी उडणाऱ्या त्या लांब शेपटाच्या कीटकांचे, ४३ फोटो काल रात्री एकेक करून पाहिले. प्रत्येकाखाली एकच प्रश्न आहे, "हा कोणता?" त्यातल्या ११ जणांची नावं मी खात्रीने सांगू शकते. बाकीच्यांची नाही, आणि त्यात तुझ्या कॅमेऱ्याचा काही दोष नाही. जवळजवळ सगळे फोटो उभ्याने, वरून काढलेले आहेत. चतुराची ओळख पुष्कळदा बाजूने पटते. छातीवरचे पट्टे तिथून दिसतात, आणि पोटाच्या टोकाची ठेवणही. नराच्या त्या टोकाला मादीला धरायचे चिमटे असतात. दिसायला जुळे वाटणारे दोन चतुर कित्येकदा तेवढ्यावरूनच वेगळे काढता येतात.

पण मला खरी रुखरुख लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. तो जीव तिथे काय करत होता, हे तू एकाही फोटोसोबत लिहिलेलं नाहीस. म्हणून नावांआधी हे पत्र.

फोटोंवरच्या तारखा पाहिल्या. सहा आठवड्यांत तू नऊ ठिकाणी फिरलास. उत्साह कळतो मला, पण या वर्षी एकच पाणी धर. तळं असो, ओढा असो, नाहीतर जुन्या खाणीत साचलेलं डबकं असो. आठवड्यातून एकदा तिथे जा, ऊन जरा तापलं की जा आणि बस. पुष्कळ चतुर काडीवर बसून शिकार करतात आणि उडून पुन्हा त्याच काडीवर येतात. तू मागे धावलास की तो लांब जाणार. काडीपासून तीन पावलांवर, तुझी सावली तिच्यावर पडणार नाही अशा बेताने बसलास, तर तोच परत येऊन तुझ्यासमोर बसेल.

मग दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघ. उडण्याआधी तो डोकं किंचित तिरकं करतो. वरून जाणारं चिलट त्याने हेरलेलं असतं. चतुराच्या मोठ्या जातींत एकेका संयुक्त डोळ्यात जवळपास ३०,००० लहान डोळे असतात, आणि त्यातले वरच्या बाजूचे आकाशाकडे लागलेले असतात. झेप आखूड आणि वरच्या दिशेची असली, तर ती बहुतेक भक्ष्यावरची. परतल्यावर तोंडाकडे बघ. जबडा हलत असेल तर शिकार साधली. झेप पाण्यावरून लांबवर गेली आणि दोघे एकमेकांभोवती गरगरत वर चढले, तर तो हद्दीचा तंटा. किती वेळा उडाला, किती वेळा जबडा हलवत परतला, किती वेळा भांडला, एवढं वहीत लिही. भर दुपारी तो पोटाचं टोक थेट सूर्याकडे उभं करून बसलेला दिसेल. अंगावर ऊन कमीत कमी यावं म्हणून त्याने केलेली ती सोय आहे. हेही वेळेसकट टिपून ठेव.

चतुर आणि टाचणी, म्हणजे त्याची सडपातळ, नाजूक भाऊबंद, यांतला फरक तुला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. पंख मिटून बसली ती टाचणी आणि पसरून बसला तो चतुर, ही खूण बहुतेक वेळा चालते, पण पंख अर्धवट उघडे ठेवून बसणाऱ्या टाचण्याही आहेत. चतुराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात म्हणावं, तर काही चतुरांचे डोळेही टाचणीसारखे लांब लांब असतात. पंखांचा आकार सहसा फसवत नाही. चतुराचा मागचा पंख बुडाशी पुढच्यापेक्षा रुंद असतो, टाचणीचे चारही जवळपास सारखेच.

रंगावर मात्र इतक्यात विसंबू नकोस. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत एकाच तळ्यावरच्या दोन जाती आहेत, 'पिवळा' आणि 'लाल'. दोघांचे आकडे मी महिनोन्‌महिने वेगवेगळे लिहिले. पुढच्या मोसमात एका काडीवर एक नर दिसला, अर्धा पिवळा आणि पोटावर लाली चढत असलेला. तेव्हा कळलं की पिवळे म्हणजे माद्या आणि कोवळे नर होते. तरुण नर मादीच्याच रंगाचा असतो आणि वयात येताना लाल होतो. काही टाचण्यांत तर उलटही घडतं, मादीच नराचे रंग घेऊन वावरते. म्हणून रंगाशेजारी पंखांची स्थितीही लिहीत जा. काचेसारखे लखलखीत, कोवळे पंख असतील तर तो नुकता बाहेर आलेला. कडा झिजलेल्या, फाटलेल्या असतील तर त्याचे दिवस भरत आलेत.

आता पाण्याखालची गोष्ट. माझा जीव खरा गुंतलाय तो इथे. आपण ज्याला चतुर म्हणतो ते त्याचं शेवटचं, काही आठवड्यांचं आयुष्य. त्याआधी तो पिल्लू म्हणून पाण्यात वाढतो, काही जाती दीड महिना, काही कित्येक वर्षं. फुलपाखरासारखा कोष नाही, फक्त कात टाकत टाकत मोठं होणं. पिल्लाचा खालचा ओठ हातासारखा घडी घालून हनुवटीखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो झटक्यात पुढे फेकला जातो. चतुराचं पिल्लू गुदद्वारातून पाणी आत घेऊन आतल्या कल्ल्यांनी श्वास घेतं आणि घाबरलं की तेच पाणी जोराने मागे सोडून पुढे सुटतं. टाचणीच्या पिल्लाला शेपटीशी पानांसारखे तीन कल्ले असतात. बशीत थोडं पाणी घालून एकदा बघ आणि जिथून घेतलंस तिथेच सोड.

शेवटची कात टाकायला ते काडी धरून पाण्याबाहेर चढतं. अनेक जाती हे रात्री किंवा पहाटे उरकतात. विजेरीच्या मंद उजेडात मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाठ उकलली, डोकं आणि छाती बाहेर आली आणि तो उलटा लोंबकळत राहिला, अगदी निश्चल. मला वाटलं, मेला. अर्ध्या तासाने त्याने एकदम वर उसळी मारली, आपलीच कात पायांनी पकडली आणि पोट ओढून बाहेर काढलं. पंख चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे होते, हळूहळू ताणले गेले. तो ते टाचणीसारखे मिटून बसला होता. उजाडल्यावर थरथरत त्याने ते उघडले. चतुर एकदा पंख उघडतो, ते पुन्हा तसे मिटत नाहीत.

दुसऱ्या एका रात्री नीट दिसावं म्हणून मी काडी अलगद माझ्याकडे वाकवली. तो सुटून पाण्यात पडला. उचलून परत काडीवर ठेवला, पण एका बाजूचे पंख वाकडेच वाळले. तो कधी उडला नाही. तेव्हापासून मी बाहेर येणाऱ्या चतुराच्या हातभर अंतरात जात नाही. तूही जाऊ नकोस, फोटोसाठी तर नाहीच.

मागे राहिलेली कात मात्र खुशाल घे. पाण्यावर उडणारा चतुर कुठूनही आलेला पाहुणा असू शकतो. कात मिळाली म्हणजे या पाण्यानेच त्याला वाढवलं, याचा पुरावा हातात आला. २०२१ साली जगभरातल्या ६,०१६ जातींची पाहणी पुरी झाली तेव्हा १६ टक्के जाती नाहीशा होण्याच्या धोक्यात असल्याचं दिसलं, आणि त्यामागे पाणथळ जागा बुजणं आणि बिघडणं हे मोठं कारण आहे. एखादं तळं बुजवायला निघालेल्या माणसाला उडता चतुर दाखवून काही सिद्ध होत नाही. तारीखवार ठेवलेल्या काती दाखवता येतात.

एकाच जागी तारखा लिहून काय साधतं, याचं मला फार आवडणारं उदाहरण मालदीवचं आहे. तिथल्या प्रवाळ बेटांवर गोडं पाणी जमिनीवर जवळजवळ साचतच नाही, तरी दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास हजारो भटके चतुर उतरतात. तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या तारखा टिपल्या, आणि २००९ साली मांडलं की हे चतुर वाऱ्यावर स्वार होऊन भारताकडून हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेकडे जातात. सुरुवात झाली ती त्या तारखांपासून.

वीण पाहिलीस की तीही अशीच टिप. नर-मादीचा जोडून बदाम झालेला तू फोटोत पकडला आहेस, छान आहे. पण पुढची वीस मिनिटं तू थांबला नाहीस. नर मादीला धरूनच अंडी घालायला नेतो, की सोडून वर घिरट्या घालत राखण करतो? राखण कशासाठी, हे जोनाथन वागे यांनी १९७९ साली एका टाचणीवर दाखवलं. मीलनाच्या वेळी नर आधीच्या नराचं वीर्य मादीच्या शरीरातून काढून टाकतो. म्हणजे मादीने अंडी घालेपर्यंत जो हलला, त्याची सगळी मेहनत वाया. मादी पोट पाण्यावर टेकवत जाते, की काडीला चीर पाडून आत अंडी ठेवते, तेही बघ.

११ नावं सोबतच्या कागदावर लिहिली आहेत. कोणतं पाणी धरायचं याचा विचार करत बसू नकोस. तुझा १७ क्रमांकाचा फोटो मोठा करून बघ. डाव्या कोपऱ्यात, पाणकणसाच्या देठावर, पाण्यापासून वीतभर वर एक तपकिरी कुसळासारखं काहीतरी आहे. तुला ते वाळकं पान वाटलं असेल. त्याची पाठ उकललेली आहे आणि चिरेतून पांढरे धागे लोंबताहेत. ते श्वासनळ्यांचं अस्तर. पाऊस-वारा झाला नसेल तर ती कात अजून तिथेच असेल. झाकणाची डबी आणि पेन्सिल घेऊन जा.