श्रावणात दारू सोडवायचीय? आधी डॉक्टर, मग श्रावण

ताई, तुम्ही लिहिलंय की दीर रोज क्वार्टरच्या वर फेणी घेतात, सकाळी हात थरथरतात आणि पहिला घोट पोटात गेला की थरथर थांबते. श्रावण लागला की बाटल्या फेकून त्यांना खोलीत ठेवायचं असं घरात ठरलंय, आणि मावशींनी चहातून गुपचूप द्यायची गोळी सुचवलीय. कृपा करून हे दोन्ही बेत थांबवा.

आपल्याकडे श्रावण पाळणारे पुष्कळ. पण ज्यांचं शरीर दारूवर अवलंबून नाही, त्यांनाच तो सुखरूप पाळता येतो. तुमच्या दिरांची सकाळची थरथर वेगळं सांगते. दारू मेंदूला शांत करते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. दारू एकदम काढली की ते चेतवणं तेवढं उरतं. सहा-आठ तासांत थरथर, घाम, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो: माणसं दिसतात, ताप चढतो, ओळख राहत नाही. यात जीव जातो. नातेवाईक याला ‘नाटक’ म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

दवाखान्यात हाच काळ औषधांनी आठवडाभरात बराच सुरक्षित पार पडतो. सोबत बी-१ जीवनसत्त्वही देतात, कारण वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ग्लुकोज पचवताना उरलंसुरलं बी-१ही खर्ची पडतं, म्हणून न जेवणाऱ्या पेशंटला घरी नुसतं ग्लुकोज पाजू नका.

गोळीबद्दल. ती बहुधा डायसल्फिराम असेल. ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. पेशंटला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनेच ती द्यायची. चोरून देणं म्हणजे विषाचा प्रयोग. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी दुसरी औषधं आहेत, ती डॉक्टर ठरवतील.

आपल्या गोव्यात बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्था आहे. आधी तिथे जा. खाजगी व्यसनमुक्ती केंद्र पाहायचं झालं तर नोंदणी विचारा, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं आणि साखळीने बांधणं त्या कायद्याने बंद आहे. दिरांना न्यायला जमत नसेल तर १४४१६ वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे, दिवसरात्र. फिट आली किंवा भ्रम दिसला तर वाट न पाहता १०८.

‘फेणी सोडून बियरवर आणू का’ असंही विचारलंय. स्ट्राँग बियरच्या मोठ्या दोन बाटल्यांत एका क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल असतं. हिशेब तोच.

उपचारानंतर पुन्हा प्यायले तर घर कोसळल्यासारखं करू नका, पुन्हा डॉक्टरकडे न्या. हा वारंवार उलटणारा आजार आहे. गोव्यात ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट) बैठका होतात, तिथे ते जातील. तुम्ही आणि जाऊबाई पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीच्या अल-अनॉन गटाबद्दल विचारा, हे ओझं तुम्हीही वाहताय.

जाताना रोज किती, किती वर्षं, शेवटचा घोट कधी, आधी कधी फिट आली का आणि कुठली औषधं चालू आहेत हे लिहून न्या. तोपर्यंत दारू घरात हिसकावून बंद करू नका. पोटभर जेवण द्या आणि अपॉइंटमेंट याच आठवड्यातली घ्या.