डिफॉल्टर यादी आणि दाखला

प्रश्न : मॅडम, मी बार्शी तालुक्यातल्या खेड्यातून एफ.वाय. बी.एस्सी.ला ये-जा करते. पहिल्या सेमिस्टरला गणित आणि केमिस्ट्री राहिलं. एसटी उशिरा पोचते, सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं. परवा डिफॉल्टरच्या, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत नाव लागलं. बारावीपर्यंत पास फुकट होता, आता पैसे पडतात. पप्पा म्हणतात, दाखला काढून आण. काय करू?

उत्तर : दाखल्याचा अर्ज आत्ता अजिबात देऊ नकोस. दोन विषय राहिले म्हणून सहसा वर्ष जात नाही, एटीकेटी मिळते, म्हणजे राहिलेले विषय सोबत ठेवून पुढच्या वर्गात जाता येतं. तुझ्या विद्यापीठाचा नियम परीक्षा विभागात विचारून घे.

मी तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. पोरं एका दिवसात कॉलेज सोडत नाहीत. आधी प्रॅक्टिकल बुडतं, मग जर्नल अपुरं राहतं, अपुऱ्या जर्नलवर सही मिळत नाही, आणि सही नाही म्हणून लॅबकडे फिरकायचीच लाज वाटते. नेमकं तेव्हाच कॉलेज काय करतं? यादी लावतं. का येत नाहीस, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते निम्मी गळती त्या नोटीस बोर्डापाशीच होते. आमच्या लॅबमधल्या मामांना कोण कुठल्या गाडीनं येतं ते तोंडपाठ असायचं. त्यांना विचारून आम्ही गाडीवाल्या पोरांची दुपारची बॅच केली. त्याला ना परिपत्रक लागलं, ना जादा पैसा.

तूही बॅच बदलून माग. ऑफिसात जाऊन आपला मेंटॉर कोण ते विचार. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉरबद्दल विचारतात, त्यामुळे फाइलीत तरी तुझ्या नावापुढे कुणीतरी प्राध्यापक असणारच! त्यांना एसटीची वेळ कागदावर लिहून दे. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

पैशाचं म्हणशील तर विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाला साधारण एक तृतीयांशच भाडं पडतं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला असशील तर तो कुठे अडकलाय ते बघ. पुष्कळदा तो कॉलेजच्याच लॉगिनला पडून असतो, क्लार्कच्या मागे लागावं लागतं. भाऊराव पाटलांनी रुजवलेली 'कमवा आणि शिका' योजना तुमच्याकडे असेल तर लायब्ररीतलं काम माग. गाडीची वाट बघण्याचा वेळ तिथे कारणी लागेल.

पप्पांना एकदा मेंटॉरना भेटायला घेऊन जा, प्राचार्यांच्या केबिनमध्ये नको. आणि एटीकेटीच्या फॉर्मची तारीख चुकवू नकोस, वर लेट फी बसते.