मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची मोजणी मशीनवरच करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की एका दवाखान्यात आईच्या डोळ्याला पेनासारखी काडी टेकवून मोजणी केली, दुसरीकडे नुसतं मशीनपुढे बसवून केली आणि त्याचे पैसे जास्त सांगितले. एवढे पैसे घालवायचे का, हा तुमचा प्रश्न. मी नाशिकमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दिवसभर हीच मोजणी करते. मोतीबिंदू फार पिकला नसेल तर मशीनवरच करून घ्या.

आत कितीच्या नंबरचं भिंग बसवायचं हे मुख्यतः दोन मापांवर ठरतं: डोळ्याच्या पुढच्या काचेची, म्हणजे कॉर्नियाची गोलाई, आणि तिथपासून मागच्या पडद्यापर्यंतची लांबी. ही लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते. तिच्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने हुकतो. ती काडी म्हणजे ए-स्कॅन, आवाजाच्या लहरींनी मोजणारी. टेकवताना हात जरासा जड पडला की कॉर्निया दबते आणि डोळा आहे त्यापेक्षा आखूड भरतो.

माझ्याकडून हे घडलंय. पहिल्या नोकरीत सिन्नरच्या एका शिंपीकाकांची मोजणी मी अशीच केली होती. ऑपरेशन उत्तम झालं, पण महिन्याने काका म्हणाले, "ताई, सुईत दोरा ओवता येतो, पण सीबीएसवर बसची पाटी वाचता येत नाही." जवळपास एकचा मायनस नंबर आला होता. तेव्हापासून मोजणीत घाई करत नाही.

मशीन डोळ्याला हात लावत नाही. अदृश्य अवरक्त प्रकाश आत सोडतं आणि पडद्यावरून परतलेल्या प्रकाशावरून लांबी काढतं. झाइस कंपनीचं आयओएलमास्टर हे मशीन १९९९ साली आलं, तेव्हापासून ही पद्धत रुळली. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं. मी म्हणते, "पापणी मिटा, उघडा, आता हलू नका," आणि मशीनच्या स्क्रीनवर लांबीचे आकडे येतात: २३.४१, २३.४२, २३.४१. असे एकमेकांना धरून आले की जीव भांड्यात पडतो.

पण प्रकाश आरपार जायला हवा. पेठकडच्या आजी येतात, मोतीबिंदू दुधासारखा पांढरा झालेला, तिथे मशीन आकडाच देत नाही. स्वेप्ट सोर्स जातीची नवी मशीनं जास्त दाट मोतीबिंदूतूनही मोजतात, तरी सगळ्यांतून नाही. अशा वेळी ए-स्कॅनच करावा लागतो, मात्र डोळ्यावर छोटा कप ठेवून त्यात सलाइन भरून, म्हणजे काडी कॉर्नियाला टेकत नाही. तुमच्या आईचा मोतीबिंदू असा असेल तर "पाण्यातून मोजणार का?" असं जरूर विचारा.

मशीनवरची मोजणी त्या दिवशी डोळ्यात कुठलेही थेंब घालण्याआधी व्हावी. डोळे कोरडे असले तर गोलाईचे आकडे दर वेळी वेगळे येतात. द्राक्षांच्या हंगामात निफाड-पिंपळगावहून बागेतून थेट आलेल्या कितीतरी जणांना मी आधी आठवडाभर अश्रूंचे थेंब घालायला सांगून परत बोलावते. आईने कधी चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन केलं असेल तर ते आधी सांगा, नेहमीचं गणित तिथे चुकतं.

आणि ऑपरेशन एकाच डोळ्याचं असलं तरी मोजायला दोन्ही सांगा. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर पुन्हा मोजून घ्या, आणि मोजणीचा कागद मागून फाइलला लावून ठेवा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी डॉक्टर तोच आधी मागतील.