प्लाझ्माने बनवलेल्या पॉलिॲनिलीन फिल्मची वाहकता इतकी कमी का येते?

पॉलिॲनिलीन म्हणजे ॲनिलीनचे रेणू जोडून बनलेलं, वीज वाहू शकणारं प्लास्टिक. रासायनिक पद्धतीच्या, आम्लाने डोप केलेल्या (म्हणजे वाहकता वाढवायला आम्ल घातलेल्या) पॉलिॲनिलीनला १ ते १० सीमेन्स प्रति सेंमी वाहकता सहज मिळते आणि तुमच्या फिल्मला त्याचा कोट्यंशही नाही, म्हणून काही चुकतंय का असं तुम्ही विचारलंय. नाही चुकत. प्लाझ्मा म्हणजे ॲनिलीनच्या वाफेतला १३.५६ मेगाहर्ट्झचा विद्युत डिस्चार्ज, आणि त्यात ॲनिलीनच्या रेणूंमधली बरीच बेंझिन-वलयं फुटतात, तुकडे वाटेल तसे जोडले जातात, साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात (क्रॉसलिंकिंग). वीज जिच्यातून वाहते ती एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी लांबवर टिकतच नाही. पॉवर कमी ठेवा, वलयं जास्त वाचतील.

मला काळजी वाटते ती वाहकता अचानक जास्त येते तेव्हा. पुण्यात एम.फिल.ला होतो. काचेवर ॲल्युमिनियमचे कंगव्यासारखे इलेक्ट्रोड, वर फिल्म. ५० व्होल्टला एप्रिलमध्ये जेमतेम ३०० पिकोॲम्पिअर यायचे. जुलैत त्याच रेसिपीच्या फिल्मला ४० नॅनोॲम्पिअर! माझे मार्गदर्शक सर खूश, पेपरचा मसुदाही तयार. मी म्हटलं, "सर, हे पाणी आहे." ते म्हणाले, "फिल्म व्हॅक्यूममध्ये बनते, पाणी कुठून येणार?" अरे, बनते व्हॅक्यूममध्ये, पण मोजतो आपण पावसाळ्यातल्या खोलीत! मी तसेच इलेक्ट्रोड असलेली कोरी काच घेतली, वर फिल्मच नाही. २५ नॅनोॲम्पिअर. मग दोन्ही रात्रभर रोटरी पंपावर, म्हणजे व्हॅक्यूमखाली, ठेवल्या. सकाळी फिल्म परत ३०० पिकोॲम्पिअरवर, कोऱ्या काचेचं तर रीडिंगच लागेना. सर म्हणाले इलेक्ट्रोड उखडले असतील. पेपर जुलैच्या आकड्यानिशी गेला आणि छापूनही आला. मी माझं नाव काढून घेतलं. आजही तेच करीन.

तेव्हा फिल्म मोजाल तेव्हा शेजारी कोरी काच मोजाच, आणि वहीत दर वेळी आर्द्रता लिहा. आर्द्रता न देता वाहकतेचा आकडा छापणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, मग ते कितीही मोठे असोत. ताज्या फिल्ममध्ये अडकलेले फ्री रॅडिकल (तुटलेल्या बंधांचे अस्थिर तुकडे) हवेतल्या ऑक्सिजनशी आठवडेच्या आठवडे अभिक्रिया करत राहतात, म्हणून फिल्मचं वयही लिहा.

एक राहिलं. वाहकता वाढवायला आयोडीन डोप करणार असाल तर माझी पंपाची युक्ती चालणार नाही, कारण व्हॅक्यूममध्ये पाण्याबरोबर आयोडीनही उडतं आणि रीडिंग कशामुळे पडलं ते कळत नाही. तिथे कोरडा नायट्रोजन सोडून मोजा. आयोडीन त्यातही हळूहळू जाईलच, म्हणून मोजायला वेळ लावू नका. आणि कोरी काच तिथेही हवीच.