गच्चीवरच्या टाकीसाठी कुठला मायक्रोकंट्रोलर?

अरे, ऐरोलीतल्या सोसायटीची टाकीतलं पाणी मोजायचंय ना? मग चिप (मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक) नंतर, आधी वीज कुठून घेणार ते ठरव. गच्चीवर प्लग नाही, बटण सेलवरच भागवायचंय, तर ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा नाद सोड. वायफायवर पाठवताना तो २४० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. सीआर२०३२ हा नेहमीचा बटण सेल तिथेच मान टाकतो. प्लग असेल तर बिनधास्त घे. फक्त अ‍ॅनालॉग सेन्सर (कमीजास्त व्होल्टेज देणारा) एडीसी१च्या पिनेला जोड; एडीसी म्हणजे चिपमधला व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, यात असे दोन आहेत आणि वायफाय चालू असताना एडीसी२ भरवशाचा नाही. (यात भलेभले अडकतात!) नुसता फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) आणि रिले (चिपच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) असेल तर अ‍ॅटमेगा३२८पी हा साधा मायक्रोकंट्रोलर पुष्कळ झाला, २ केबी रॅम पुरून उरते. आणि पीसीबी (चिप बसवायचा सर्किट बोर्ड) करायला टाकण्याआधी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत फोन करून तीच चिप, त्याच पॅकेजमध्ये (म्हणजे त्याच आकाराच्या, पिनांच्या आवरणात) मिळतेय का ते विचार.