इटालियनमध्ये इंटरनेटबद्दल काय आणि कसं विचारायचं?

तुमची मुलगी तोरिनोला शिकायला चाललीय, इटालियन येत नाही आणि इंटरनेटच्या कुठल्या सोयी मिळतील हे तिथे कसं विचारायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी तोरिनोत दोन वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो.

साधा प्रश्न आधी. कॅफे असो वा हॉटेल, "स्कूझी, चे इल वायफाय?" म्हणजे माफ करा, वायफाय आहे का? यातला 'च' चेहऱ्यातला. आभार मानताना 'ग्रात्सिए' म्हणायचं, त्यात चमच्यातला 'च' आणायचा. दोन्ही 'च' आपल्या जिभेवर आहेतच. अनोळखी माणसाला 'स्कूझी'च म्हणावं. 'स्कूझा' म्हणजे थेट अरे-तुरे.

सिमसाठी पासपोर्ट लागतो आणि बहुतेक दुकानांत 'कोदिचे फिस्काले'ही मागतात. हा सोळा अक्षर-अंकांचा कर क्रमांक तिथल्या कर कार्यालयात फुकट मिळतो. डेटाला तिकडे 'जीगा' म्हणतात. "क्वान्ती जीगा?" म्हणजे किती जीबी? 'गिगा' म्हटलं तर दुकानदार क्षणभर बघत राहतो. रिचार्ज म्हणजे 'रिकारिका'. तो मोठ्या टी अक्षराच्या पाटीखाली, तंबाखूच्या दुकानातही होतो. इटलीचं सिम युरोपीय संघात रोमिंगवर चालतं, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही आणि सीमा मिलानहून तासाभरावर आहे. म्हणून "ला झ्वित्सेरा ए कोम्प्रेझा?", म्हणजे स्वित्झर्लंड त्यात धरलंय का, हे तिने विचारून घ्यावं.

खरी काळजी घरच्या कनेक्शनची घ्या. माझी घरमालकीण म्हणाली, "चे ला फिब्रा", फायबर आहे. मी विश्वास ठेवला. ते फायबर रस्त्यावरच्या पेटीपर्यंतच होतं. पेटीपासून चौथ्या मजल्यापर्यंत जुनी तांब्याची तार. रात्री आईशी व्हिडिओवर बोलायला बसलो की तिचा चेहरा अर्ध्या शब्दावर थिजायचा आणि मागून फक्त आवाज यायचा, "ऐकू येतंय का रे?" त्या बाईंनी फसवलं असं मी म्हणणार नाही. तिकडे बोलताना दोन्हींना सर्रास फिब्राच म्हणतात.

म्हणून प्रश्नच नेमका हवा: "ला फिब्रा आर्रीवा फिनो इन काझा?" घराच्या आतपर्यंत येते का? पुढचं उत्तर भराभर येतं आणि नवख्याला कळत नाही. त्यावर एक उपाय आहे. तिथल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे आगकॉमने, 2018 मध्ये रंगीत खुणा ठरवून दिल्या. हिरव्या खुणेवर एफ, म्हणजे घरापर्यंत किंवा निदान इमारतीपर्यंत फायबर. पिवळ्यावर एफआर, म्हणजे पुढे तांबं किंवा रेडिओ. लाल आर म्हणजे फायबर नाही. "दि के कोलोरे ए इल बोल्लीनो?" खुणेचा रंग कुठला, एवढं विचारलं की उत्तर 'वेर्दे' (हिरवा), 'जाल्लो' (पिवळा) किंवा 'रोस्सो' (लाल) यांपैकी एका शब्दात येतं. हे वाक्य तिच्याकडून पाठ करून घ्या.

कनेक्शन तिच्या नावावर घ्यायचं असेल तर "चे उन विंकोलो?" विचारल्याशिवाय सही करू नये. विंकोलो म्हणजे ठरावीक मुदतीचं बंधन, बहुधा चोवीस महिन्यांचं. मी अकराव्या महिन्यात खोली बदलली आणि जुन्या मोडेमचे उरलेले हप्ते भरत बसलो. वर्षभरासाठी राहणाऱ्याला 'सापोनेत्ता' बरी पडते. शब्दाचा अर्थ साबणाची वडी. सिम घालून वायफाय देणाऱ्या त्या लहान डबीचं हे बोलीतलं नाव. युनिव्हर्सिटीत एड्युरोम, म्हणजे विद्यापीठांचं सामायिक वायफाय, आहेच.

आणखी एक. जुन्या इमारतींच्या भिंती जाड असतात. खोली बघायला जाईल तेव्हा तिने फोन हातात धरून विचारावं, "क्वी प्रेंदे?" शब्दशः, इथे पकडतो का? "सी", म्हणजे हो, असं उत्तर आलं तरी पैसे देण्याआधी खिडकीपाशी, पलंगापाशी आणि स्वयंपाकघरात उभं राहून रेंज स्वतः बघावी.